डोंगरउतारावरील मातीची धूप

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरासारख्या ठिकाणीं वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. असें पाणी जेथून धांवतें, त्याच उतारांवरील वरकस जमिनींत कोयना खोऱ्यांतील शेतकरी नाचणी व वरी पिकवीत आले आहेत.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील एकदां म्हणाले, "मास्तर, डोंगर म्हातारा झाला. यंदा पेरून उपयोग नाहीं." डोंगरास वार्धक्य येत नाहीं, त्याचें काय गेलें, तें पाहावें म्हणून आम्हीं श्रावणांत दोन बाटल्या भरून आणिल्या, एक रानांतल्या ओहळाची, दुसरी त्यांच्या शेतांतून उतरणाऱ्या पाण्याची. सकाळपर्यंत पहिलीचें पाणी निवळलें. दुसरीच्या तळाशीं वाळू बसली, तिच्यावर काळसर गाळ. पाणी मात्र गढूळच राहिलें.

त्या गढूळपणांतच सगळें मर्म आहे. उघड्या जमिनीवर थेंब आदळला कीं ढेकूळ फुटतें, सूक्ष्म कण छिद्रांत बसून तीं बुजवितात, आणि मुरावयाचें पाणी वाहूं लागतें. वाहतें पाणी प्रथम उचलतें तें हलकें कुजलेलें द्रव्य व बारीक चिकणमाती. खडे मागें राहतात. आतां पालाश व चुना धरून ठेवणारे कण हेच, स्फुरद चिकटलेला असतो तो यांनाच, आणि नत्राचा सांठा त्या कुजलेल्या द्रव्यांत. म्हणजे टोपलीभर माती गेली तर टोपलीहून कितीतरी अधिक कस गेला! शिवाय उरलेली भरड माती ओल धरीत नाहीं. आठ दिवस उघाड पडली कीं पीक माना टाकतें. अशा जमिनीवर नुसतें विकतचें खत ओतणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय, असें आमचें मत आहे.

पूर्वी असा तुकडा कांहीं वर्षें पिकवून पुष्कळ वर्षें पडीक ठेवीत, म्हणून झुडपें माजून कस भरून येई. जमीन वांटली गेली, विश्रांति आंखडली. यांत शेतकऱ्यास आळशी म्हणणें अन्यायाचें आहे.

बाटल्या पाहून ते गृहस्थ बराच वेळ बोलले नाहींत. पुढल्या उन्हाळ्यांत त्यांनीं उतारास आडवी दगडी ताल रचिली व तिच्या कडेस वाळा लाविला. पावसाळ्याअखेर तालीमागें वीतभर गाळ सांचला. दर शनिवारीं त्यांचा मुलगा फूटपट्टी घेऊन तो मोजावयास जातो.