न्यू जर्सीत नव्याने आलात? मुलांच्या पुस्तकांविषयी

लायब्ररी (एडिसनचं एक कुटुंब)
घर मिळालं की गावाच्या सार्वजनिक लायब्ररीचं कार्ड काढा. रहिवाशांना ते फुकट असतं. लीज किंवा विजेचं बिल आणि फोटो असलेलं ओळखपत्र न्या. त्याच कार्डावर बहुतेक ठिकाणी फोनमध्ये लिबी ॲप चालतं. ई-पुस्तकं, ऑडिओबुकं त्यात मिळतात. पाच वर्षांखालचं मूल असेल तर डॉली पार्टनच्या इमॅजिनेशन लायब्ररीत नाव घाला. तुमच्या भागात योजना असेल तर दर महिन्याला एक पुस्तक टपालाने येतं, फुकट. शाळेच्या दारात आईला बिलगणाऱ्या मुलांसाठी ‘द किसिंग हँड’ हे पुस्तक आणा.

शाळा (एक आई)
आमची मुलगी पुण्यात तिसरीत असताना फास्टर फेणेचं पुस्तक एका बैठकीत संपवायची. इथे शाळेने इंग्रजी वाचनाची चाचणी घेतली आणि तिला बालवाडीच्या टोपलीतली पुस्तकं दिली, एका पानावर एक वाक्य. वर्गात ती कोपराने मुखपृष्ठ झाकून वाचायची. मी ऑफिसात खेटे घातले, मेल लिहिल्या. उत्तर एकच, ‘तिची पातळी हीच’. इंग्रजी येत नाही म्हणजे मुलाची समज पाच वर्षांची होत नाही, एवढी साधी गोष्ट कोणाच्या गळी उतरेना! आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

शाळेवर विसंबू नका. वयाला शोभणारी पण भाषेने सोपी पुस्तकं घरी आणा. चित्रकादंबऱ्या सगळ्यात उत्तम: सात-आठच्या मुलांना ‘डॉग मॅन’, दहाच्या पुढे रैना टेल्गेमायरचं ‘स्माइल’. अडलेला शब्द चित्रावरून कळतो, आणि वर्गातल्या इतरांच्या हातातही तेच पुस्तक असतं. नावाचा उच्चार कोणाला जमत नाही म्हणून मूल हिरमुसलं असेल तर ‘द नेम जार’ वाचा. त्यातली कोरियाहून आलेली उन्हेई नवं नाव शोधते आणि शेवटी आपलंच नाव ठेवते. मोठ्या मुलांना ‘सेव्ह मी अ सीट’ (2016). त्यातला रवी भारतात वर्गात हुशार, आणि न्यू जर्सीच्या शाळेत त्याला जादा मदतीच्या वर्गात पाठवतात. ते वाचल्यावर माझी मुलगी शाळेतलं पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली.

मराठी (मराठी शाळेत शिकवणाऱ्या आजी)
इंग्रजी मुलं शिकतातच. मराठी घरात वाचली नाही तर जाते, आणि मग आजीशी फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढे गाडी सरकत नाही. म्हणून झोपताना गोष्ट मराठीच, याला सुट्टी नाही. लहानांना माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’. घरातल्या एकेका माणसाची ओळख त्यात आहे, काका-आजोबा दूर असलेल्या मुलांना ते हवंच. नऊ-दहाच्यांना बोक्या सातबंडे. तुम्ही मोठ्याने वाचा, अक्षरं मागाहून येतील. ‘श्यामची आई’ प्रत्येक घरात असावं असं माझं ठाम मत आहे. साने गुरुजींनी त्याचे रात्रींनुसार भाग पाडलेलेच आहेत, तेव्हा एका वेळी एकच रात्र. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. भारतातून कोणी येणार असेल तर लोणची-पापडांच्या आधी पुस्तकांची यादी पाठवा.