जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कला केसिंग घेताना

शाळेतला किंवा घरातला संगणक बंद पडला की तो आधी कोपऱ्यात जातो आणि मग भंगारात. पण अनेकदा बिघडलेला असतो मदरबोर्ड नाहीतर पॉवर सप्लाय. हार्ड डिस्क धडधाकट असते आणि जुने निकाल, दाखल्यांच्या फाईली, स्नेहसंमेलनाचे फोटो तिच्यातच असतात. ती काढून केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीला जोडता येणाऱ्या डबीत बसवली, की पेनड्राइव्हसारखी उघडता येते.

दुकानदार विचारेल, "कुठली डिस्क आहे?" म्हणून डिस्क सोबतच न्या. डेस्कटॉपची ३.५ इंची असते, रुंदी साधारण १० सेंमी. लॅपटॉपची २.५ इंची, रुंदी ७ सेंमी. (पट्टीने मोजलंत तर हे इंच कुठेच सापडणार नाहीत, ती नुसती नावं आहेत!) मग मागची बाजू पाहा. दोन चपट्या, एल आकाराच्या पट्ट्या दिसल्या तर ती साटा. टोकदार पिनांच्या दोन ओळी दिसल्या तर जुनी आयडीई. आयडीईचं केसिंग शोधत बसण्यापेक्षा आयडीई आणि साटा दोन्हीला चालणारी कन्व्हर्टर केबल घेतलेली बरी.

आता सर्वांत महत्त्वाचं, वीज. ३.५ इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि साधा यूएसबी पोर्ट देतो ५ व्होल्ट. त्यामुळे या डिस्कच्या केसिंगसोबत वेगळा अडॅप्टर हवाच. तो नसलेलं केसिंग कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. २.५ इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, पण सुरू होताना तिला जास्त करंट लागतो. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००. करंट कमी पडला की दिवा लागतो, डिस्क टिकटिक करते आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. अशा वेळी डिस्क मेली असं ठरवू नका. ती संगणकाच्या मागच्या पोर्टला लावून पाहा किंवा दोन तोंडांची केबल वापरा. भरपूर वीज देऊनही खटखट येत राहिली तर मात्र लगेच बंद करा. पुन्हापुन्हा चालू करून ती आणखी बिघडते.

केसिंग यूएसबी ३.० चंच घ्या, २.० वर शेकडो फोटो कॉपी व्हायला फार वेळ जातो. लॅपटॉपची जाड डिस्क असेल तर केसिंगमध्ये ती मावते का, तेही दुकानातच पाहा.

डिस्क जोडल्यावर विंडोज कधीकधी विचारतं, फॉरमॅट करायचं का? इथे कॅन्सलच दाबा. ती लिनक्सची डिस्क असेल तर विंडोजला नुसती वाचता येत नाही, आतलं सगळं शाबूत असू शकतं. बिटलॉकर लावलेली असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. फाईली दिसल्या की आधी दुसरीकडे कॉपी करा, बाकीचं नंतर.

आणि ही डिस्क पुढे मुलांच्या हाती द्यायची असेल तर विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, पत्ते तिच्यात राहू देऊ नका. क्विक फॉरमॅटने फाईली खऱ्या अर्थाने पुसल्या जात नाहीत. विंडोजमध्ये क्विक फॉरमॅटची खूण काढा आणि पूर्ण फॉरमॅट करा. डिस्क मोठी असेल तर काही तास लागतील, शाळा सुटताना लावून ठेवा.