सेवापुस्तक आधी, सत्कार मग

अगं, पुढच्या वर्षी तू रिटायर होणार म्हणून स्टाफरूममध्ये शाल-श्रीफळाची वर्गणी सुरू होईलच. होऊ दे. तू मात्र आत्ताच क्लार्ककडून सेवापुस्तक मागून घे आणि पहिल्या पानापासून वाच. माहेरच्या नावाने नोकरीला लागलीस. नाव बदलल्याची नोंद आहे का? आधार, पॅन, पासबुक, सेवापुस्तक, सगळीकडे नाव अक्षरन् अक्षर एकच हवं. १२ वर्षांची वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांची निवड श्रेणी, सहावा आणि सातवा वेतन आयोग, या प्रत्येक वेतननिश्चितीपुढे पडताळणी पथकाचा शिक्का आहे ना ते बघ. नसेल तर पेन्शनची केस त्रुटी निघून परत येते, आणि मग अठ्ठावन्न पूर्ण झालेली बाई पेणकरपाड्याहून ठाण्याला खेटे घालत बसते. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक तुला मी काय सांगू!

तू १ नोव्हेंबर २००५च्या आधी लागलेली, म्हणजे जुनी पेन्शन. त्यातली ४० टक्क्यांपर्यंत रक्कम विकता येते, पण कापलेला भाग पूर्ववत व्हायला १५ वर्षं लागतात, हे घरात सगळ्यांना ऐकव. हाती आलेले पैसे लेकाच्या फ्लॅटमध्ये घालायची घाई नको. राग येईल, तरी सांगते. ५५ ते ६० या वयात सेवानिवृत्त होणाऱ्यांना पैसे मिळाल्यापासून ३ महिन्यांत पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं उघडता येतं; मर्यादा ३० लाखांची. पेन्शन चालू राहायला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो.

आता दुसरं. पहिले काही महिने जुन्या शाळेत बोलावल्याशिवाय जायचं नाही. तुझ्या जागी आलेल्या मुलीला तिच्या पद्धतीने फळा वापरू दे. "आमच्या वेळी" हे दोन शब्द तोंडात आले की पाणी पी.

काम मात्र सोडू नकोस, आणि आपल्या भागात ते दारातच आहे. मीरा-भाईंदरमध्ये घरी हिंदी, गुजराती, मारवाडी बोलणारी किती पोरं आहेत! २०२०च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण घरी शिकवणार कोण? "पाणी पिली" म्हणणाऱ्या पोराला हसायचं नाही. त्याच्याकडून रिक्षामागचं, दुकानावरचं वाचून घ्यायचं. व्याकरण मागून येतं. फी घ्यायची की नाही ते तुझं तू ठरव. वार आणि वेळ मात्र ठरलेली ठेव, आणि पाहुणे आले तरी मोडू नकोस.

आणि बायका. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाडच्या फांगणे गावात योगेंद्र बांगर गुरुजींनी ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा काढली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी साड्या नेसून पाटी-दप्तर घेऊन बसायच्या. आपल्या पाड्यातही बँकेत अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. त्यांना मुळाक्षरांपासून सुरुवात करायला लावू नकोस, कंटाळतील. आधी त्यांचं स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग पासबुकावरचे आकडे. दोघीजणी आल्या तरी वर्ग सुरू कर. जागेसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच भेट, आणि हॉल बिनभाड्याचा मिळणार असेल तर तसं लेखी घे.