पायाचा घट्टा आणि कुरूप

कापूस वेचणी, निंदण, तूर कापणी. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मजूर बायांचे दिवस पायांवर जातात. घट्टा पडला तर "आहेच तो" म्हणून सोडून देतात. दुखायला लागला की ब्लेड घेतात. इथेच घात होतो.

एकाच जागी सतत दाब पडला, घासले गेले, की आतला भाग वाचवायला कातडी जाड होते. पसरट, पिवळसर आणि बहुधा न दुखणारा तो घट्टा. कुरूप लहान, गोल असते. त्याच्या मधोमध टणक खिळा असतो, म्हणून वरून दाबले की कळ येते. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखत असेल आणि आत काळे ठिपके दिसत असतील, तर ती चामखीळ. तिचे कारण विषाणू. बाभळीच्या काट्याचे टोक आत मोडून राहिले तरी कातडी टणक होते.

कुरूपाला झाडासारखे मूळ नसते. चप्पल तीच राहिली तर कापलेले कुरूप परत येते. म्हणून आधी चप्पल पाहा: तळ झिजलेला आहे का, पट्टा कुठे घासतो, बोटे दबतात का? नवीन चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. (दीक्षाभूमीला जाताना कोरी चप्पल घालून निघू नका.) रात्री दहा मिनिटे पाय कोमट पाण्यात ठेवा, वज्रीने हलके घासा, खोबरेल तेल लावा. एका दिवसात सगळे काढायला जाऊ नका.

साखरेचा आजार असलेल्यांनी किंवा कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांनी मात्र यातले काही घरी करू नये. पाणी किती गरम आहे तेही त्यांना कळत नाही. मेडिकलमधल्या कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असते, ते चांगली कातडीही जाळते. बधिर पायात घट्ट्याखाली जखम होते आणि दुखत नाही म्हणून ती वाढत जाते. पुढे पाय कापायची वेळ येऊ शकते. घरातल्या माणसाला डोळे मिटायला सांगा आणि पायाच्या बोटांच्या टोकांना हलकेच स्पर्श करा. कळले नाही तर तपासणी करून घ्या. कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांना सरकारी कार्यक्रमात मऊ रबराची एमसीआर चप्पल मोफत मिळते. ती मेहेरबानी नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात हक्काने मागा.

घट्ट्याखाली लाल-काळा डाग, पाणी किंवा वास आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल.