कृषी सल्ला : पवनचक्की ढग पळवते का?



पाऊस लांबला की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्या पवनचक्क्यांनी ढग पळवले." सुप्याजवळचा कवड्या डोंगर असो की खांडक्याचा माळ, खाली पाती गरगर फिरतात, वर ढग पुढे सरकतात आणि आपल्यालाही तसंच वाटायला लागतं. म्हणून आधी चक्की चालते कशी ते बघू.

*१) पंखा आणि चक्की : काम उलटं*
घरातला पंखा वीज खातो आणि वारा देतो. पवनचक्की वारा खाते आणि वीज देते. वारा पडला की पाती थांबतात. म्हणजे ती वाऱ्याला ढकलत नाही. उलट चक्कीतून पुढे गेलेला वारा थोडा मंद होतो.

*२) वीज कशी तयार होते?*
▪️ वारा सेकंदाला साधारण ३ मीटर (ताशी ११ किमी) झाला की पाती वीज देण्याइतकी फिरू लागतात.
▪️ मोठी पाती मिनिटाला जेमतेम १५-२० फेरे घेतात. बऱ्याच चक्क्यांत गिअरबॉक्स हा वेग हजार-दीड हजार फेऱ्यांपर्यंत वाढवतो. काहींत गिअरबॉक्स नसतो, जनित्रच मोठं असतं.
▪️ जनित्रात चुंबक आणि तांब्याची वेटोळी. एक दुसऱ्यासमोर फिरलं की वीज तयार होते. आपल्या विहिरीवरच्या मोटरीच्या बरोबर उलट.
▪️ पुढे ट्रान्सफॉर्मर आणि तिथून लाईनने सबस्टेशनला.
▪️ वारा दुप्पट झाला तर त्याची ताकद आठपट होते. म्हणून आपल्याकडे जून ते ऑगस्ट चक्क्या सगळ्यात जास्त वीज देतात.
▪️ वारा ताशी ९० किमीच्या आसपास गेला की पाती वळवून चक्की बंद ठेवतात.

*३) मग ढगांचं काय?*
जुन्या चक्कीच्या पात्याचं टोक जमिनीपासून १०० मीटरच्या आसपास, नव्या मोठ्या चक्कीचं १५०-२०० मीटर. पाऊस देणारा ढग कित्येक किलोमीटर जाडीचा असतो. चक्कीच्या मागे हवा ढवळली जाते, जमिनीलगत रात्रीच्या तापमानात किंचित फरक पडल्याचं अभ्यासात दिसलंय. पण तेवढ्याने मान्सूनचा ढग हटत नाही.

साताऱ्याकडे चाळकेवाडी, वनकुसवडे पठारावर शेकडो पवनचक्क्या आहेत. पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस पडतो. आणि १९७२ चा दुष्काळ आठवा. तेव्हा आपल्या डोंगरांवर एकही पवनचक्की नव्हती.

आपलं खरं कारण सह्याद्री. ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस, आपल्याकडे ५००-६०० मिमीच्या आसपास. आपण पर्जन्यछायेत आहोत.

*४) आपल्या हातात काय?*
१ मिमी पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. ५०० मिमी म्हणजे एकरी २० लाख लिटर! यातलं किती आपण शिवारात अडवतो, हा खरा प्रश्न. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार याच पर्जन्यछायेत आहेत. त्यांनी पाणी अडवलं, हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला आणि शेतीसाठी बोअर बंद ठेवले.

पेरणीआधी आणि नंतर एवढं करा :
✅ फुटलेले बांध आत्ताच दुरुस्त करा.
✅ नांगरट, पेरणी, कोळपणी उताराला आडवी.
✅ सोयाबीन, तूर शक्यतो रुंद वरंबा सरीवर.
✅ शेवटच्या कोळपणीला कोळप्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडा.
✅ विहीर किंवा बोअरजवळ पुनर्भरणाचा खड्डा, गाळणीसह. गढूळ पाणी थेट सोडू नका.

चक्कीवाल्यांशी भांडण असेल तर ते जागेच्या मोबदल्याचं, रस्त्यासाठी फोडलेल्या डोंगराचं, बुजलेल्या ओढ्याचं असू द्या. ते रास्त आहे, ग्रामसभेत लेखी मांडा. ढगांचा आळ घातला तर खरी तक्रारही कोणी ऐकणार नाही, आणि तोवर आपलं पाणी ओढ्याने निघून जाईल.

शंका असल्यास याच नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवा. मेसेज गावच्या ग्रुपवरही टाका.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी