विक्रीची चालती सरासरी

एका बाजाराच्या भावावरून माल विकावा कीं ठेवावा हें ठरविणें धोक्याचें होय. मागील तीन बाजारांची सरासरी पाहावी असें आम्ही सुचवितों. मात्र नुसत्या भावांची सरासरी न काढतां एकूण रकमेस एकूण वजनानें भागावें.

समजा, कांदा पहिल्या बाजारीं १० क्विंटल १,५०० रुपये भावानें, दुसऱ्या बाजारीं १० क्विंटल १,२०० नें व तिसऱ्या बाजारीं ३० क्विंटल ९०० नें विकला. भावांची सरासरी १,२०० येते. परंतु हातीं आले ५४,००० रुपये व वजन ५० क्विंटल, म्हणून खरी सरासरी १,०८० होय. खर्च क्विंटलमागें १,१०० असल्यास पहिला आंकडा नफा दाखवील, प्रत्यक्षांत तोटा असेल.

चवथ्या बाजारीं १० क्विंटलचे १३,००० आले, तर सर्व बेरीज पुन्हा मांडूं नये. पहिल्या बाजाराचे आंकडे वजा करून नवे मिळवावे: रुपये ५२,०००, वजन ५०, सरासरी १,०४०.

ज्या संस्थांची विक्रीवही संगणकावर आहे, त्यांनींही प्रत्येक ओळीसाठीं निराळी आज्ञा देऊं नये. दर बाजाराची एक ओळ ठेवून ‘विंडो फंक्शन’ या सोयीनें, तारखेच्या क्रमानें, चालू व मागील दोन ओळींतील रकमेची व वजनाची बेरीज मागावी आणि भागाकार करावा. एकाच आज्ञेंत सर्व वहीची सरासरी निघते. पहिल्या दोन ओळींस तीन बाजार पुरे होत नाहींत. त्यांवर विसंबूं नये.