कुटुंबांची गुंतवणूक : उत्पन्नाचे स्वरूप आणि मत्तेची निवड

देशाच्या एकूण बचतीत कौटुंबिक क्षेत्राचा वाटा सर्वांत मोठा असतो. ही बचत कोणत्या मत्तेत गुंतविली जाते, यावर कुटुंबाची सुरक्षितता आणि उद्योगांना उपलब्ध होणारे भांडवल, दोन्ही अवलंबून असतात. जमीन, घर व सोने या भौतिक मत्ता होत. ठेवी, विमा, भविष्यनिर्वाह निधी, रोखे व समभाग या वित्तीय मत्ता होत.

पाहणीतील चित्र

२०१९ मध्ये झालेल्या अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक पाहणीनुसार कुटुंबांच्या मत्तेच्या एकूण मूल्यात जमीन व इमारतींचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ९१ टक्के, तर शहरी भागात ८७ टक्के होता. ठेवींचा वाटा अनुक्रमे ५ व ९ टक्के होता. मात्र ग्रामीण भागातील ८४ टक्के आणि शहरी भागातील ८५ टक्के प्रौढांचे बँकेत खाते होते. खाते असणे आणि खात्यात बचत साठणे या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. हे आकडे साठ्याचे आहेत, प्रवाहाचे नव्हेत. वारसाने आलेल्या जमिनीचे मूल्यही त्यांत समाविष्ट असल्याने त्यांवरून एखाद्या वर्षातील नव्या बचतीचा कल ठरविता येत नाही.

गटागटांतील भेद

नोकरदाराचे उत्पन्न नियमित असते. भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी वेतन हाती येण्यापूर्वीच कापली जाते. त्यामुळे दीर्घ मुदतीच्या योजना किंवा म्युच्युअल फंडाचे मासिक हप्ते त्याला पेलतात. शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामी असते. त्याची बचत विहीर, जनावरे, अवजारे व सोने यांत जाते. अडचणीच्या वेळी सोने त्वरित तारण ठेवता येते. छोटा व्यापारी शिल्लक रक्कम बहुधा स्वतःच्याच धंद्यात घालतो. भूमिहीन मजुराजवळ रोख रकमेखेरीज फारसे काही उरत नाही. उपरोक्त पाहणीत ग्रामीण शेतकरी कुटुंबाची सरासरी मत्ता सुमारे २२ लाख रुपये, तर बिगरशेतकरी कुटुंबाची ७.८५ लाख रुपये होती.

परिणाम

जमीन मौल्यवान असली तरी तिची रोखता अल्प असते. आजारपणाच्या खर्चासाठी तिचा लहानसा तुकडा तातडीने विकता येत नाही. मग कर्ज काढावे लागते. २०१९ च्या पाहणीत ग्रामीण कर्जाचा सुमारे ३४ टक्के भाग सावकारादी बिगरसंस्थात्मक स्रोतांकडून आलेला होता.

गुंतवणुकीच्या सवयींतील भिन्नतेचा उलगडा केवळ आर्थिक साक्षरतेच्या अभावाने होत नाही. अनिश्चित उत्पन्न असणाऱ्यास परताव्याहून रोखता अधिक महत्त्वाची वाटणे स्वाभाविक आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत मासिक हप्त्यासोबत त्रैमासिक व सहामाही हप्त्याचीही सोय आहे, ती या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. बचतीचे साधन उत्पन्नाच्या कालक्रमाशी जुळले, तरच उघडलेले खाते गुंतवणुकीचे माध्यम बनू शकते.